खालच्या मजल्यावरची डोकी

१२ जानेवारी

नकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न फोडता ठेवून दिलंस तर माझं काही म्हणणं नाही. फोडलं असशील तर उभ्या उभ्या वाचू नकोस, बस कुठेतरी. काळजीचं काही नाही. मी ठणठणीत आहे. गुडघे जागच्या जागी आहेत, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, आणि जीभ तुला माहीत आहे तशीच आहे.

लिहायचं कारण इतकंच की वरच्या काकू घर विकताहेत. त्यांचा वरचा मजला आणि खालचा आपला, दोन्ही. आपला म्हणजे माझा. सवयीने लिहून गेले.

काल दुपारी त्या स्वतः सांगायला खाली आल्या. जिना उतरायला त्यांना हल्ली इतका वेळ लागतो, की पावलं ऐकू आल्यावर मी चहा टाकला, गाळला, कप भरून ठेवले, तेव्हा कुठे त्या दारात पोचल्या. खुर्चीवर बसून आधी दम खाल्ला आणि मग म्हणाल्या, "मुलगा कधीचा चल चल म्हणतोय. त्याच्याकडे लिफ्ट आहे. मला आता जिना नको, आणि जिन्यालाही मी नको झालेय."

मला विचारायचं होतं, 'आणि माझं काय?' मी विचारलं, "साखर पुरेशी आहे ना?"

पण काकूंना तू ओळखतेस. घरमालकीण असून भाडेकरूसमोर ओशाळणारी बाई जगात एकच. म्हणाल्या, "हे बघ, तुला न विचारता मी घर विकणार नाही. दोन गिऱ्हाइकं आलीत. एक जण म्हणतो, खालची बाई राहू दे, मला घाई नाही. दुसरे नवराबायको, दोघेही दातांचे डॉक्टर. त्यांना खाली दवाखाना टाकायचाय, म्हणून रिकामं हवंय. ते जास्त देताहेत, खोटं कशाला बोलू? पण तू राहते म्हणालीस तर पहिल्याला देईन. फेब्रुवारीअखेर मला काय ते सांग."

म्हणजे घोडं माझ्यापाशी येऊन अडलंय. कोणी हाकलत असतं तर भांडता तरी आलं असतं.

तुला वाटेल, यात ठरवायचं काय, राहा की. मलाही तेच वाटतं. आपण हे घर भाड्याने घेतलं ते मागच्या दारासाठी, आठवतं? केसांचा टोप करून घ्यायला कोणी पुढच्या दाराने येत नाही. आजारपणात केस गेलेल्या बायका, लग्न ठरायच्या आत टक्कल झाकायला निघालेले तरुण, सगळे छापखान्याच्या भिंतीआडून त्या बोळातून येतात. दार वाजवायच्या आधी दोनदा मागे बघतात. आणि ती खिडकी. त्या उजेडात केसाचा काळा रंग किती काळा हे कळतं, तसं दुसरीकडे कळेल याची मला खात्री नाही. इतक्या वर्षांचं बस्तान आहे. लाकडी डोकीच नुसती मोजली तर एक खोली भरेल.

तुझ्या कपाटाचं काय करायचं तेवढं कळव. तुझी खोली जशीच्या तशी ठेवलीय असं समजू नकोस, तिथे मी टोपांच्या जाळीचे गठ्ठे ठेवते. पलंगावर नाही. पलंग मोकळा आहे.

बाकी मला काही विचारायचं नाही.

ताई

२७ जानेवारी

नकटे,

पत्र पोचलं नसेल. हल्ली टपालाचं काही खरं नाही. म्हणून पुन्हा लिहितेय, नाहीतर मी काही मागे लागणाऱ्यांतली नाही.

दातांचे डॉक्टर घर बघायला आले होते. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की घराची यथेच्छ निंदा करायची. ओल दाखवायची, छापखान्याची धडधड ऐकवायची, मोरीचं पाणी तुंबतं ते सांगायचं. म्हणजे ते आपणच काढता पाय घेतील आणि मला काकूंपाशी हो-नाही काही म्हणावं लागणार नाही. असं मी स्वतःला चांगलं पढवून ठेवलं होतं.

आणि झालं काय? ती डॉक्टरीणबाई खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "इथे जरा अंधारच आहे, नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अंधार? इकडे या, हात पुढे करा." तिच्या हातावर केसांच्या दोन बटा ठेवल्या आणि विचारलं, यातला नुसता काळा कुठला आणि तांबूस काळा कुठला ते सांगा. तिने बरोबर सांगितलं. मग म्हटलं, "हेच पुढच्या खोलीत करून दाखवा." नाही जमलं तिला. मग मी सुटलेच. ही भिंत उन्हाळ्यात तापत नाही, हे दार फुगत नाही, छापखाना संध्याकाळी बंद होतो आणि सुट्टीच्या दिवशी तर इथे टाचणी पडलेली ऐकू येते. मोरीचं मी सांगितलं, पण तेही असं, की तुंबली तर कुठली फरशी उचलायची ते त्यांना कळावं. नवरा बायकोकडे बघून हसला. काकू दारात कपाळाला हात लावून उभ्या. दलालालाही जमलं नसतं असं मी ते घर त्यांच्या गळ्यात घातलं.

जाताना डॉक्टरीणबाईने तुझ्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, "इथे कोण राहतं?" मी म्हटलं, "माझी बहीण. बाहेरगावी गेलीय." तशी तू गेलेलीच आहेस बाहेरगावी. यात खोटं काय आहे?

त्याच दुपारी एक खोली बघून आले. नुसती बघायला काय जातंय? दुसरा मजला, खाली सायकलींचं दुकान. एकच दार, तेही रस्त्यावर. शिवाय जिन्यात समोरासमोर दोन बिऱ्हाडं. माझी गिऱ्हाइकं त्या जिन्यात पाऊल टाकायची नाहीत. खोली वाईट नाही, पण माझ्या कामाची नाही. खोलीवाला म्हणाला, "एकट्याच राहणार का?" मी म्हटलं, "डोकी धरून चाळीस." तो बिचारा अजून विचार करत असेल.

तुमच्या गावात खोल्या मिळतात का गं? सहज विचारतेय.

ताई

१६ फेब्रुवारी

बाळे,

आज नकटी म्हणत नाही.

तू मला सांगितलं नाहीस. मला कळायचं ते कळलंच.

तुमच्या गावातलं एक टोपांचं दुकान गेल्या वर्षापासून माझ्याकडे काम पाठवतं, हे तुला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. असणारच. दुकानदार नाव कधी कळवत नाही. गिऱ्हाइकाचं नाव कारागिराला कळू द्यायचं नाही असा या धंद्यात रिवाजच आहे. येतो तो नुसता साचा आणि त्यावर एक आकडा. डोक्यावर पातळ प्लास्टिक ताणून त्यावर चिकटपट्टीचे थर देतात, कडक झालं की टोपीसारखं उचलून काढतात. कपाळाची केसांची रेघ कुठे, भोवरा कुठे, केस कुठल्या बाजूला वळतात, ते वर पेनाने काढलेलं असतं. सोबत रंग जुळवायला एक बट, गळायला लागायच्या आधी कापलेली.

परवा असा एक साचा आला. मी नेहमीसारखा लाकडी डोक्यावर चढवला. नीट बसेना. मागे डाव्या बाजूला खाली पोकळ राहायचा. मी कापूस भरायला बोट आत घातलं आणि हात तिथेच थांबला. मागचा डावा भाग सपाट. तू पाळण्यात एकाच अंगावर झोपायचीस, आई वळवून वळवून थकायची आणि तू पुन्हा तशीच. मग भोवरे बघितले. दोन. एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. तुझा भांग त्यामुळे जन्मात सरळ पडला नाही. शाळेत जायच्या आधी रोज माझ्या गुडघ्यांत तुझं डोकं धरून मी वेणी घातलीय, तू 'ओढू नकोस' म्हणून बोंबलायचीस. हे डोकं मी ओळखणार नाही? बट खिडकीत नेऊन बघितली. तांबूस, तुझ्यासारखी.

जाताना तू म्हणाली होतीस, "ताई, तुला माणसं नको असतात, डोकी हवी असतात." तेव्हा फार लागलं होतं. आता बघ, डोक्यावरूनच माणूस ओळखलं की नाही?

कुठला आजार, किती दिवसांचा, कोण बघतं तुला, मला काही विचारायचं नाही. सांगायचं असतं तर सांगितलं असतंस. पण गावात दुसरी दुकानं असताना तू नेमकं तेच गाठलंस, म्हणजे मला कळावं असंच तुला वाटत होतं. एवढं मला समजतं.

मी काकूंना काल सांगून टाकलं की घर रिकामं करते, डॉक्टरांना द्या. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. आणि तुला सांगते, इतके आठवडे माझं तळ्यात मळ्यात चाललं होतं, ते एका वाक्यात संपलं. खिडकीची आठवण झाली नाही, मागच्या दाराची झाली नाही. निम्मी डोकी खोक्यांत भरून झाली. तुझं कपाट पुसून ठेवलं.

टोप पुरा व्हायला महिना लागेल. एकेक केस आकडीने जाळीत ओवायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. या कामात घाई चालत नाही, पण मी उजाडल्यापासून बसते. दोन भोवरे असे घालतेय की तुझ्या तुलाही टोप आहे हे आठवणार नाही. तो घेऊनच येते. तू गाडीवर घ्यायला यायचं नाहीस, मी पत्ता शोधत येईन.

मी विचारत नाहीये. सांगतेय.

तुझी ताई

४ मार्च

नकटे,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय.

इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, माझे केस आहेत! मुठीत मावत नाहीत इतके आहेत! तू हे काय लिहिलंयस?" मला आधी वाटलं कोणाचा तरी चुकून लागला. मग तू म्हणालीस, "मी रोज पोहायला जाते. मला साधी सर्दी नाही." माझी दातखीळ बसली. डॉक्टरांनी आत्तापासूनच इथे दवाखाना उघडायला हरकत नव्हती.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! खरंच, जीव भांड्यात पडला. तू हसलीस तेव्हा मीही हसले, ऐकलंस ना? सगळा जन्म डोकी मापण्यात घालवलेल्या बाईने असली चूक करावी! दोन भोवरे काय, सपाट मागची बाजू काय, शंभरात पाच-सात तरी निघतील. हेच मी एखाद्या शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

मग तू विचारलंस, "आणि घर? घर सोडलंस?" मी म्हटलं, हो. "मग आता कुठे जाणार?" मी म्हटलं, खोली बघून ठेवलीय, छान आहे, हवेशीर आहे. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मग म्हणालीस, "बरं आहे मग." आणि आपण फोन ठेवला.

बरंच आहे.

टोप अर्ध्यावर आलाय. पुरा करून दुकानात पाठवते.

ताई

२२ मार्च

नकटे,

मागचं पत्र लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. खोली बघितली होती, घेतली नव्हती. जीव भांड्यात पडला हे खरं. पण तेवढंच झालं नव्हतं.

तुझा फोन ठेवल्यावर काकू खाली आल्या. खोकी उघडी, सगळीकडे डोकी, आणि मधोमध मी जमिनीवर बसलेली. त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं. मी सांगितलं, बहीण आजारी नाही, तिचे केस शाबूत आहेत. काकू म्हणाल्या, "अगं, मग ही आनंदाची गोष्ट. तू रडतेस कशाला?"

त्यांना देता आलं नाही ते उत्तर तुला देते.

साचा ओळखता आला नाही असं नाही. शंभरात पाच-सात डोकी अशी असतात हे मला त्या दिवशीही माहीत होतं. बट खिडकीत नेली तेव्हा ती तुझ्या केसांपेक्षा जरा जाड आहे हेही दिसलं होतं. मी तिकडे काणाडोळा केला. मला ते डोकं तुझं हवं होतं. तू आजारी असतीस तर मला येता आलं असतं, आणि तुला मला परत पाठवता आलं नसतं. बहीण अशी इच्छा धरते का गं? मी धरली. टोप विणताना मी गुणगुणत होते. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, बहिणीकडे जायचंय. तू मरणाच्या दारात आहेस असं समजून मी गुणगुणत होते.

आणि ज्या बाईचं ते खरं डोकं, ती खरीच आजारी आहे. ती कोण हे मला कधी कळणार नाही. आधी मी तू समजून तिच्यासाठी रडले, मग ती तू नाहीस म्हणून सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही वेळा तिची आठवण मला झाली नाही. निदान टोप तिला चांगला गेला. इतका चांगला मी आजवर कोणाला केलेला नाही. दुकानदाराने कळवलं की तिने आरशात बघितलं आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

आता घराचं. काकूंनी त्याच दिवशी सांगितलं, "अजून सही झालेली नाही. राहायचं असेल तर राहा, मी डॉक्टरांना नाही म्हणते." त्या खरंच म्हणाल्या असत्या. डॉक्टरांचे जास्तीचे पैसे सोडून त्या माझ्यासाठी नाही म्हणाल्या असत्या. मी चार दिवस मागितले. चार दिवस त्याच खिडकीत बसले, तोच उजेड, तेच काम. गिऱ्हाइकंही आली. एक मुलगी टोप घालून हसली आणि मागच्या दाराने मागे बघत बघत गेली. तिच्यामागे दार लावताना मला एकदम कळलं की मी इथे का राहते. इथे येणाऱ्याला आपण आलो होतो हे कोणाला कळायला नको असतं. रस्त्यात भेटली तर ती मुलगी मला ओळख देणार नाही, आणि मीही द्यायची नाही असा नियम आहे. वर्षानुवर्षं माझ्याकडे माणसं येताहेत आणि मला ओळखणारं एक माणूस गावात नाही, वरच्या काकू सोडून. त्याही चालल्या.

म्हणून मी काकूंना सांगितलं, डॉक्टरांना सही करू दे. बहिणीसाठी नाही, कोणासाठी नाही. माझं मला जायचंय.

ती सायकलींच्या दुकानावरची खोली घेतली. हवेशीर वगैरे काही नाही. पहिली दोन खोकी ठेवायला गेले तेव्हाच समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने दार उघडून विचारलं, एवढी डोकी कशाला? मी सांगितलं, टोप करते. ती म्हणाली, "अय्या, माझ्या नणंदेला हवाय की!" आणि जिन्यातूनच खालच्या कोणाला तरी ओरडून सांगितलं. लपवाछपवी संपलीच म्हणायची. निम्मी गिऱ्हाइकं तुटतील. निम्म्यांना जिना चढायची हिंमत होईल, बघू. खोलीचं भाडं भरलंय, कुलूप माझं आहे, एकतीस तारखेला उरलेलं सामान जाईल. तुझं कपाटही नेतेय. मावलं की झालं.

हे सगळं सांगायचं कारण, की डोक्यावर छप्पर नाही म्हणून ही दारात उभी राहिली, असं तुला वाटू नये.

तुला मी इतकी वर्षं लिहिलं नाही कारण लिहायला काही घडत नव्हतं. घर विकायचं निघालं तेव्हा मला आधी धस्स झालं आणि लगेच वाटलं, आता नकटीला पत्र टाकता येईल. कपाटाचं निमित्त झालं, खोल्यांचं झालं, आजारपणाचं झालं. आता माझ्याकडची सगळी निमित्तं संपली. तू धडधाकट आहेस. मी बेघर नाही. कोणाचं काही अडलेलं नाही.

मला तुझी फार आठवण येते. मी येऊ का?

तुझी ताई